टकलावरचे नागमोडी केस

सायबुआताईस धाकट्या बुनरुअनचा दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिना दिसला की कुरकुरतात. (अक्षर लागलं तेवढं वाच, चौथीपर्यंत याहून बरं शिकवत नव्हते.)

तुझा निरोप पोचला, की आपल्या लमायला परका नवरा नको, थोरली म्हणून तुझा नकार आहे. बरं. पण आधी घडलं ते ऐक.

नातीचा तो इंग्रज नेविल (शेवटचा ल आपल्या तोंडात वळत नाही, म्हणून मी नेविन म्हणते) मागणी घालायला आला. स्वतःच बोलणार, लमायनं मध्ये पडायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं. ती आत मिरच्या कुटत बसली. हा पाय दुमडता दुमडता कलंडला, सावरला आणि म्हणाला, "फोम यक, आजी. फोम यक." पुढचं घाबरून विसरला.

आता बघ, आपल्या थाईत फोम म्हणजे पुरुषमाणसाचा 'मी', आणि फोम म्हणजे केसही. याऽक असं लांबवलं तर 'हवंय', आखूड यक म्हटलं तर खाचाखाचांचं, नागमोडी. जन्मभर बोलतोय, पण कधी ध्यानात आलं होतं का आपल्या? मला ऐकू आलं, केस नागमोडी. बघते तर डोकं घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. मला भडभडून आलं. म्हटलं, गेलेले केस बिचाऱ्याच्या मनातून अजून जात नाहीत.

मग परसातली मक्रूटची लिंबं निखाऱ्यावर भाजली आणि रस त्याच्या टकलावर चोळला. (आईनं आपल्या दोघींचे केस त्यानंच धुतले ना?) त्याला वाटलं, आपल्यात जावयाची पारख अशीच करतात. रोज येऊन मान खाली घालून बसायचा. रस डोळ्यांत उतरायचा, पण हूं की चूं नाही.

काल त्यानं एक लिंबू उचललं, सालीच्या उंचवट्यांवरून बोट फिरवलं, म्हणाला, "रफ." मग माझा तळवा उलटा करून त्यावरूनही फिरवलं. "रफ, आजी."

"काय म्हणतोय गं हा?"

"ख्रुख्रा म्हणतोय, खडबडीत," लमाय आतून म्हणाली. "तुझ्या हाताला."

"मग स्वतःच्या डोक्याला काय म्हणतो, विचार."

पण माझ्या हाताला कुणी कधी नाव दिलं नव्हतं गं ताई. शब्द आवडला, म्हणून मीही म्हणून पाहिला. शेवटचा फ आपल्याला कुठला यायला? तोंडातून निघालं, "रप." म्हणजे स्वीकारलं. झालं. त्यानं रसासकट डोकं माझ्या पायांवर ठेवलं. लमाय बत्ता हातात घेऊन बाहेर आली आणि रडायलाच लागली. मग त्या 'यक'चा उलगडा झाला आणि आम्ही इतके हसलो की परसातल्या कोंबड्या उडाल्या. शब्द मात्र मी परत घेतला नाही.

तुझी,
बुनरुअन

ता. क. थोरल्या आजीच्या होकाराशिवाय लग्न करणार नाही, असं लमाय म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणून रविवारी नेविनला तुझ्याकडे धाडते आहे.

आणखी एक. याऽक त्याला आता नीट म्हणता येतं. पण तुझ्याकडे आखूडच म्हण, असं मी बजावलंय. सोबत पिशवीभर लिंबं आहेत. आधी चोळ, मग काय तो नकार दे.