तारेचं वेटोळं

७ ऑक्टोबर १९५७, मोशी

सुखरूप पोचलो. माळावर पत्र्याची शेड, शेजारी माझी खोली आणि शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान. चऱ्होलीकडच्या उसावर औषध फवारतात. बार्शीला मोटारी उघडता उघडता मी वायरिंग शिकलो, कुणाच्या शाळेत नव्हे; तरी मालकांनी निवडलं मलाच. वैमानिक मारुतराव दिलखुलास माणूस. म्हणाले, वर गेलो की माझा जीव तुमच्या हातात, राव. तेव्हा आमटी अळणी लागली तर राग सरुबाईंवर काढा, इंजिनावर नको. स्वयंपाकाच्या सरुबाईंनी लगेच सुनावलं, आमटीचं मागनं बघू, आधी पाय धुवा.

८ ऑक्टोबर

इंजिन किती तापलं हे दाखवणाऱ्या काट्याची तार तपासली. सिलिंडरपासून काट्यापर्यंतचं अंतर थोडंसं, आणि उरलेल्या तारेचं भलं मोठं वेटोळं करून मागे कोंबलेलं. असलं गबाळं काम मला बघवत नाही. सरुबाई म्हणाल्या, आधीचे मिस्त्री ज्योतीराम बजावून गेलेत, त्या वेटोळ्याला हात लावाल तर जिवाशी गाठ हाय. मी हसलो. वेटोळं म्हटलं की माळावरच्या माणसांना सापच दिसतो! फालतू तार कापली, टोकं पिळून कथलाचा डाख दिला, वर कापडी पट्टी. जोड शोधून सापडणार नाही. कापलेला तुकडा सरळ करून माझ्या खोलीत खिळ्याला टांगला.

१० ऑक्टोबर

मारुतराव खुशीत उतरले. म्हणाले, काटा कधी नव्हे इतका खाली. इंजिनाला थंडी वाजतेय, घोंगडी द्या. मी इंजिनावरचं झाकण उघडलं, तर आतला रंग भाजून पापुद्रे निघालेले.

खिळ्यावरच्या तुकड्याचं पुन्हा वेटोळं झालंय. तारेला वळण राहतं, एवढंच.

१२ ऑक्टोबर

विमान वर असताना तुकड्याला हात लागला. कढत होता. खोलीत ऊन येत नाही. विमान उतरलं, इंजिन बंद झालं, तसा तोही निवत गेला.

१३ ऑक्टोबर

सिलिंडरकडचं टोक सोडवून, सरुबाईंकडून शेडमध्ये आणवलेल्या उकळत्या आधणात बुडवलं. काटा कोमट पाण्याइतकाच चढला. तेव्हा उमगलं. ती सगळी लांबी काट्याच्या हिशेबात धरलेली होती; मी तार कापली तसा काटा खोटा झाला. ज्योतीराम सापाबद्दल बोललेच नव्हते.

संध्याकाळी मारुतरावांनी विचारलं, काटा बरोबर आहे ना? मी हो म्हणालो. मी कापलेल्या तारेत खोट आहे, हे माझ्या तोंडून निघेना. पहाटे गुपचूप तुकडा परत जोडीन.

१४ ऑक्टोबर

तुकडा खिळ्यावरून काढला — मनगटाला वेटोळं पडलं. सुटेना. पकडीनं ओढून काढलं. कातडी सोलली. आता लपवत नाही. सगळं सांगतो मारुतरावांना —

शेड रिकामी. वारा पडला म्हणून ते विमान माळाच्या टोकाला ढकलत नेऊन लवकर निघाले. सरुबाई म्हणतात, मारुतराव बोलले, मिस्त्रींना उठवू नका, त्यांचं काम चोख असतं.

माळावर धावलो. पंचा हलवला, ओरडलो. त्यांनी वरून हात केला. रामराम समजले —

तुकडा टेबलावर. लाकूड काळं पडतंय. धूर — पाणी ओतलं, वाफ झाली —

लाल झालाय. आवाज येतोय अजून. चऱ्होलीवर. उतरा, मारुतराव, काट्याकडे बघू नका, उत—

तार पांढरी — आवाज अडखळतोय — येतोय — अजून ये—