शपथेतलं बायकोचं नाव

प्रिय हुबैश,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. रागात लिहायचं नाही म्हणून थांबलो होतो. बागेतले जर्दाळू उतरले, सुकले, विकूनही झाले. राग काही जाईना. म्हणून आता तसाच लिहितो.

तुझा खलिफा यझीद वारला. सहा महिने धड गादीवर बसला नाही. तो गाढवावरून दमास्कसात शिरला तेव्हा तू मागे धावलास. "अब्बा, हा महाल बांधणार नाही, कालवे खणणार नाही, गरिबाला लुटणार नाही," म्हणालास. माणूस वाईट होता असं मी कुठे म्हणतो? पण त्याने सैनिकांचा वाढलेला पगार कापला आणि ज्यांनी डोक्यावर घेतलं तेच त्याला 'कपात्या' म्हणू लागले. अशा चार दिवसांच्या राज्यासाठी तू घर मोडलंस!

हो, मोडलंस. आधीच्या खलिफाला, वलीदला, मशिदीत निष्ठेचा हात दिलास तेव्हा काय म्हणालास? "ही निष्ठा मोडली तर माझ्या बायकोला तलाक." सगळे म्हणतात म्हणून तूही म्हणालास. अरे, बाकीच्यांच्या बायका घरात आहेत, कारण त्यांच्या सासऱ्यांना कान नाहीत. तुझा सासरा उकैल तुझ्या मागच्याच रांगेत होता! पुढे यझीदच्या बाजूने वलीदवर चालून गेलेल्यांत तू गेलास, वलीद मारला गेला आणि तू तिकडून परस्पर इराकात, कूफ्याच्या छावणीत. आठवड्याच्या आत उकैल खेचर घेऊन दारात. "तुमच्या चिरंजीवांनी शपथ मोडली. माझी पोर आता तुमची कोणी नाही." मी म्हटलं, "अहो, शपथ अर्ध्या दमास्कसाने मोडली." तर म्हणतो, "मग अर्ध्या दमास्कसाच्या गळ्यात पडून रडा." तुझी रय्या उंबऱ्यात थांबली आणि मला एवढंच म्हणाली, "काका, खलिफा यांचा, निष्ठा यांची, मग खेचरावर मी का?"  तेव्हापासून मी चिडलोय. तुझ्यावर, उकैलवर, आणि मेलेल्या त्या दोन्ही खलिफांवरही.

आता नीट ऐक. रय्याला दिवस गेलेत. तू निघालास तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. मी काझींकडे गेलो. त्यांनी विचारलं, "तलाक किती वेळा म्हणाला?" म्हटलं, "एकदाच." तर म्हणाले, "मग मूल जन्मायच्या आत त्याने परत घेतलं तर ती त्याचीच. जन्मल्यावर नव्याने निकाह लावावा लागेल." आणि तो उकैल जिवंतपणी लावू देणार नाही. ऑलिव्ह उतरायच्या सुमारास ती बाळंत होईल. पत्र मिळताच, घोड्याला पाणी दाखवायच्याही आधी, दोन साक्षीदार उभे कर, "रय्याला परत घेतलं" असं म्हण आणि त्यांतल्या एकाला इकडे पिटाळ. उकैल कागद मानत नाही, माणूस मानतो. तिथे नव्या खलिफासाठी पुन्हा हात मागत असतील. द्यायचा तर दे. पण शपथेत पुन्हा तिचं नाव घेतलंस तर या घराची पायरी चढू नकोस! नाही रे, चढ. पण आधी निरोप धाड. मी रोज कूफ्याच्या वाटेवर जाऊन बसतो.

तुझाच,
अब्बा