तत्त्वतः परमनंट

२१ ऑगस्ट, सकाळ
साखरपुडा ठरला. १० सप्टेंबर. मुलगी अरसी, सरकारी शाळेत शिकवते. वडील नाथन मामा, बायपासजवळच्या मंगल कार्यालयाचे मालक. त्यांनी विचारलं, नोकरी सरकारी ना? म्हटलं, सरकारी. इस्पितळ सरकारचं, सुई सरकारची, सलाइन सरकारचं. यात खोटं काय? परमनंट का टेंपररी, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगत सुटणं म्हणजे आगाऊपणा. शिवाय लग्न पोंगलनंतर. तोवर परमनंट होतोच आहे. इतकी वर्षं झालो नाही, पण आता वातावरण चांगलं आहे.

२५ ऑगस्ट
वातावरण बिघडलं. जेसिंथा अक्कांनी संप पुकारला. अक्काही माझ्यासारख्याच नर्स, आमच्याच वॉर्डातल्या, माझ्याहून कितीतरी जुन्या, तरी टेंपररीच. ४ तारखेला कलेक्टर कचेरीसमोर बसायचं. नोकरी कायम करा, समान काम समान वेतन. मला धाकटा भाऊ मानतात, म्हणाल्या, तंबी, तुझा आवाज दणदणीत आहे, घोषणा तू द्यायच्यास. आवाज दणदणीत आहे, कबूल. पण पेपरात फोटो येतो आणि मामा पेपर श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट वाचतात. म्हटलं, अक्का, मी पडद्यामागून स्ट्रॅटेजी सांभाळतो. म्हणाल्या, पडदा कुठाय रे आपल्याकडे? वॉर्डात दोन खाटांमध्येसुद्धा नाही.
निश्चय: घाबरायचं नाही. लपायचंही नाही. फक्त दिसायचं नाही.

२९ ऑगस्ट, दुपार
आजपासून काळ्या फिती. लावली, वळलो, तर दारात मामा! पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घ्यायला आलेले. फीत खिशात, टाचणी अंगठ्यात. मी ड्रेसिंग करतोय, शेजारच्या खाटेवर बेनिटा सिस्टर तेच करतेय. ती परमनंट. मामांनी तिला सरळ पगारच विचारला. तिनंही सांगितला. माझ्या तिप्पट. मामा खूश! म्हणाले, म्हणजे जावईबापू, तुमचाही तेवढाच असणार, काम तर एकच दिसतंय.
मी मान डोलावली. हे खोटं नव्हे. एकच काम तर एकच पगार, हीच तर आमची मागणी आहे. मी तत्त्वाला मान डोलावली.
अक्का सगळं बघत होत्या. नंतर म्हणाल्या, एवढ्या बड्या पगाराच्या माणसानं संपात यायचे कष्ट कशाला घ्यावेत?

३ सप्टेंबर
जावं लागणार. साखरपुड्याच्या दिवशी माझी ड्यूटी अक्काच करणार आहेत, त्यांना दुखवून चालायचं नाही. प्लॅन तयार आहे. मागच्या रांगेत बसायचं, डोक्यावर टॉवेल. कुणी विचारलं तर ऊन सोसत नाही. पोलीस नेहमीसारखे बसमध्ये घालतील, एखाद्या मंगल कार्यालयात नेऊन बसवतील, भात घालतील, संध्याकाळी सोडतील. ते कार्यालय नेहमी बसस्टँडमागचंच असतं, ओळखीच्या हवालदाराकडून खात्री करून घेतली. मामांचं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे साखरपुड्यासाठी रंगकाम चाललंय, मामा हलणार नाहीत. डोकं असावं ते असं.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
पोलिसांची बस बसस्टँडमागच्या कार्यालयाशी थांबली, तर दारात केळीचे खांब. आतून नादस्वरमचे सूर. लग्न! दुसरीकडे गेलो, तिथे लग्न. तिसरीकडे, तिथेही लग्न. आवणी म्हणजे आमच्याकडे लग्नांचा महिना, त्यात मुहूर्ताचा दिवस! घरात आई रोज पंचांग बघते, तिनंही सांगू नये?
इन्स्पेक्टर ड्रायव्हरला म्हणाला, चल बायपासला, तिथला हॉल रंगकामामुळे रिकामा आहे. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, साहेब, तिथे नको, आम्हाला जेलमध्ये न्या! बसभर टाळ्या. बायकांनी माझ्या नावाचा जयजयकार केला. अक्का म्हणाल्या, शाब्बास रे तंबी! साहेब म्हणाले, गप्प बस.
हॉलच्या भिंती ओल्या, पिवळ्या. खांबामागे बसलो, टॉवेल नाकापर्यंत. लिंबूभात वाढत कुणीतरी रांगेतून येत होतं. आधी पाय दिसला. बँडेज मीच बांधलेलं.
मामा थांबले. मग हळूच म्हणाले, तुम्ही यांना नुसता पाठिंबा द्यायला आलात ना? तुम्ही परमनंटच ना?
किती चांगला माणूस! पळवाट पानात वाढून दिली. हो म्हणायला तोंड उघडलं. समोर अक्का. ज्या घोषणा मी द्यायच्या, त्या देऊन देऊन त्यांचा आवाज पार बसलेला.
मी म्हटलं, तत्त्वतः.
मामा पुढच्या पानाकडे गेले.

७ सप्टेंबर
संप मागे. मागण्यांवर समिती नेमणार म्हणे. मामांचा फोन! त्यांनी विचारलं, पुढचा संप कधी आहे? तेवढं आधी कळवा, त्या दिवशी हॉल कुणाला तरी देऊन टाकतो, भिंती सगळ्या परत रंगवायला लागल्या. म्हटलं, अजून ठरलं नाही. आणि आपली दहा तारीख, मामा? म्हणाले, तीही आता ठरलेली नाही.
घाईत बोलले असतील.

१० सप्टेंबर
ड्यूटीवर. अक्का ठरल्याप्रमाणे माझ्या जागी काम करायला आल्या. त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. माझ्याकडे बघितलं, ट्रे उचलला आणि कामाला लागल्या. घसा अजून बसलेलाच.
अकराच्या सुमाराला मामांना ड्रेसिंगला घेऊन अरसी आली. त्यांना अक्कांकडे बसवलं, माझ्याकडे नाही. मग व्हरांड्यात येऊन मला म्हणाली, टेंपररी असण्याचं काही नव्हतं हो. मीपण शाळेत टेंपररीच आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत. पण ती बाई तुमच्या पगारासाठी घसा फोडत होती आणि तुम्ही टॉवेलात तोंड खुपसून बसला होतात, ते मी हॉलच्या स्वयंपाकघरातून बघत होते.
आणि वडिलांना धरून घेऊन गेली.
खिशातली फीत काढली. वॉर्डात सगळे बघत होते. उद्या लावीन, ड्यूटी संपल्यावर.
बाकी निराश व्हायचं कारण नाही. लग्नाला तिनं नाही म्हटलेलं नाही. मी विचारलंच नाही.