शून्य मिलिमीटर

२५ मे २००४
आजपासून रोज लिहायचं. चहा दिवसाला दोनच. सुरगाण्याच्या वर खोरीपाड्याला मुक्काम. काम: हा डोंगर हळूहळू सरकतोय का, ते उपग्रहांच्या मदतीनं मोजणे. उतारावर तेवीस घरं. ती पावसात हलवायची की नाही, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार. ऑफिसनं माणूस बघूनच पाठवलाय.

२७ मे
नऊ खांब रोवले. मुख्य यंत्र न हलणाऱ्या जागी ठेवायचं आणि नऊ खांब त्याच्याशी ताडून पाहायचे. नियमानं जागा ओढ्यापलीकडचा कातळ. दोन तासांचा चढ, माझा गुडघा असा. तूर्त शाळेच्या ओट्यावर ठेवलं. ओटा पक्का आहे, समोर चहा मिळतो. सोमवारी कातळावर नेणार.

३१ मे, सोमवार
कातळ राहिला. नऊही खांबांत फरक दोन-तीन मिलिमीटर. तेवढी यंत्राची चूक धरतात. म्हणजे शून्य. चहा चार.

९ जून
शेजारच्या भागीबाई आल्या. म्हणाल्या, जात्यातलं पीठ खालच्याच अंगाला पडतं. खाली चिपा लावून जातं सरळ केलं, आठ दिवसांत पुन्हा तेच. मी सांगितलं, उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून बघतात, त्यांना काही दिसलेलं नाही. बाईंनी आदरानं वर पाहिलं आणि गेल्या.

१७ जून
शाळेचं दार लागत नाही, अशी पोलीस पाटील गोटीराम यांची तक्रार. दमट हवेनं लाकूड फुगतं, हेही मीच सांगायचं. भिंतीला बोटभर भेग आहे. जुनी असावी.
सुरगाण्याहून घरी इंदिरानगरला फोन केला. संध्यानं विचारलं, "ते मुख्य यंत्रही त्याच डोंगरावर आहे ना?" बायकोला यातलं काय कळतं? लाइन खराब आहे सांगून फोन ठेवला. रविवारी कातळ, नक्की.

२८ जून
रिपोर्ट धाडला. हालचाल नाही, धोका नाही. भीतीनं नातेवाइकांकडे गेलेली सात घरं तो ऐकून परत आली. लेकराबाळांसकट. बरं वाटलं. भेगेकडे आज पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं.

६ जुलै, सकाळी ८
पाच दिवस पाऊस थांबलेला नाही. भागीबाई निघाल्या. जात्याची वरची तळी त्यांच्या डोक्यावर, खालची मुलाच्या, बारकूच्या, खांद्यावर. गोटीराम म्हणाले, इथं जातं हललं म्हणजे घर हललं. बाईंच्या मागं सगळा पाडा निघाला, ती सात घरंही. मी रिपोर्टची प्रत दाखवली. पावसात कुणी वाचली नाही. ऑफिसचा माणूस घाबरून पळाला असं होता कामा नये, म्हणून थांबलो.

११.२०
ओट्यावर पेन्सिल ठेवली, गडगडत गेली. दुसऱ्या टोकाला ठेवून पाहिली. तिकडूनही त्याच बाजूला गेली. भेगेत आता माझा हात जातो. मला भीती वाटते. यंत्र घेऊन निघतो.

७ जुलै, कातळावर
काल बाराच्या सुमारास उतार खाली गेला. शाळा, ओटा, नऊ खांब, तेवीस घरं. माणूस एकही नाही.
ओटा आणि खांब एकाच मापानं सरकत होते, म्हणून फरक शून्य. मोजमापं तशी अचूक होती. हे वाक्य खोडायला हवं. त्या सात घरांतली मुलं समोर ताडपत्रीखाली बसलीत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.
चढायला पाऊण तास लागला. गुडघा दुखला नाही.
यंत्र मांडायला सपाट जागा शोधत होतो. सगळ्यात सपाट जागेवर भागीबाईंनी आधीच जातं मांडलंय, नागली दळतायत. मला पाहून सरकल्या. म्हणाल्या, "ठेव सायेब हितं तुजं यंत्र. हितं पीठ चारी अंगाला सारखं पडतंय."