पन्नास वर्षांचा रॅम्प

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

पाठीला जखम नाही ना? खुर्चीत बसल्या बसल्या मधूनमधून अंग उचलता ना, की रंधा हातात आला की विसरता? (काकूने खरं काय ते निराळ्या कागदावर कळवावं.)

तुमचं पत्र पोचलं. 'सत्काराला येणार नाही' या तीन शब्दांसाठी अख्खं पाकीट वाया घालवलंत. आता माझं ऐका. मणक्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या देशोदेशीच्या डॉक्टरांची ही संस्था, मी तिचा कारकून, आणि तिचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात. तो तुमच्याशिवाय पुरा होत नाही. छपरावरून पडल्यावर 'आता काही खरं नाही' म्हणून ज्यांना कोपऱ्यात ठेवलं, आणि जे खुर्चीत बसून सुतारकाम करत सगळ्यांना पुरून उरले, ते तुम्ही.

मला वाटलं होतं, इतिहास लिहिणं म्हणजे जुन्या वह्या उतरवणं. पण ही संस्था काढायची कल्पना कुणाची, हे विचारायला मी सात वयोवृद्ध डॉक्टरांकडे गेलो, आणि ती सातही जणांना सुचली होती (एकाला तर आंघोळ करताना). एकमत एकाच गोष्टीवर: पहिली सभा तिसऱ्या मजल्यावर झाली, लिफ्ट नव्हती, आणि व्हीलचेअरवरचे पाहुणे, म्हणजे तुम्ही आणि तुमचे सोबती, खाली फाटकाशी बसून राहिलात. चहा तेवढा खाली आला. वर 'रुग्णाला समाजात आणणे' यावर तीन तास चर्चा! त्याच दिवशी रॅम्पचा ठराव झाला. मग दरवर्षी नवा देश, नव्या पायऱ्या आणि तोच ठराव. एकदा उपसमिती नेमली. ती पायऱ्या चढून अहवाल द्यायला आली, आणि सदस्यांना धाप लागल्यामुळे वाचन पुढच्या वर्षावर ढकललं.

पण काका, याच भांडखोर मंडळींनी एकमेकांना पत्रं लिहून लिहून जखमा कशा टाळायच्या, मूत्रपिंडं कशी जपायची हे शोधून काढलं, म्हणून तुम्ही आज मला शिव्या घालायला आहात. याचा मला फार आनंद वाटतो. आणि या वेळी रॅम्प आहे, अगदी शपथेवर सांगतो. तेव्हा राग सोडा आणि रविवारी सत्काराला या.

तुमचा,
पुतण्या

ता. क. रॅम्प आहे हे खरं. व्यासपीठ दोन फूट उंच, रॅम्प सहा फूट लांब. काल अध्यक्षांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून चाचणी घेतली. चढवायला चौघे लागले. उतरताना मात्र एकटेच आले, ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यासकट दारापर्यंत. आता म्हणतात, सत्कार खालीच उरकू.

ता. ता. क. हे मला चालणार नाही. तुम्हाला एकदा खाली बसवलं तेवढं पुरे झालं.

आणखी एक. उंचीच्या दर इंचाला एक फूट लांबी, म्हणजे चोवीस फूट रॅम्प, हा हिशोब तुमचाच. फळ्या आणून ठेवल्यात. रविवारऐवजी गुरुवारीच या, हत्यारं घेऊन. सत्कारमूर्तीने स्वतः रॅम्प ठोकावा हे शोभत नाही, कळतं मला. पण इतिहासाच्या पाचशे प्रती छापून आल्यात, आणि शेवटच्या पानावर 'अखेर संस्थेने रॅम्प बांधला' असं मी लिहून बसलोय.