फोटोतली कोथिंबीर

ती. आईला शिलाचा जर्मनीहून नमस्कार,

मी बरी आहे. दवाखान्यातलं काम बराबर चालू आहे. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर बोलवेना, म्हणून लिहून राहिले. तू पेरायला म्हणून चपलेनं रगडून दिलेले धने मी विमानतळावरच टाकून दिले. कुणी अडवलं न्हाई, परदेशात बी न्यायला मनाई असंल म्हणून मीच भ्याले. मग तू रोज विचारायचीस, "कोथिंबीर उगवली का गं?"

इथं पार्सली नावाचा पाला मिळतो. दुकानात दोन जाती होत्या, कुरळ्या पानाची अन् सपाट पानाची. सपाट हुबेहूब कोथिंबिरीसारखी दिसते, म्हणून तीच कुंडीत लावली अन् तुला फोटो धाडला.

तू तो आपल्या साऱ्या डोंगरकडा गावाला दाखवलास. म्हणालीस, "पोरी, वास इथवर येऊन राहिला."

आई, त्या पाल्याला आपल्या कोथिंबिरीचा वासच न्हाई.

तुझी खोटारडी लेक,
शिला