गोधड्यांसाठी पाहिलेलं स्थळ

राहुरी,
४ ऑक्टोबर

प्रिय प्रमिला हिस सप्रेम नमस्कार.

आठवतं का, नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या तासाला सिस्टर नकाशावर युरोपातली बंदरं दाखवायच्या आणि आपण दोघी बाकाखाली मीठ लावलेल्या चिंचा चोखत बसायचो? तेव्हा जरा ऐकलं असतं तर बरं झालं असतं. असो. श्रीगोंद्याला सगळे खुशाल ना? तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही बरे आहोत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

आमच्या बचत गटाला हॉलंडच्या एका दुकानाकडून दोनशे गोधड्यांची मागणी आली, हे तुला ठाऊकच आहे. त्यातल्या एकवीस एकट्या भीमाबाईंनी शिवल्या (वय सत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला). डिसेंबर लागायच्या आत माल तिथे पोचला नाही तर दुकान मागणी रद्द करणार, आणि या बायकांकडे पुन्हा कुणी ढुंकून बघणार नाही.

आता माल जहाजावर चढवून पलीकडे पोचवणारा एजंट शोधायचा होता. फॉरवर्डर म्हणतात त्याला. माझी साधी कल्पना, की परवाना बघावा, आधी कुणाचा माल कुठे पाठवला ते विचारावं. पण निवडायला बसले आमचे राधाकृष्ण भाऊजी. त्यांनी आजवर तेवीस लग्नं जमवली आहेत. (बावीस उत्तम चालली आहेत असं ते सांगतात. तेविसाव्याबद्दल आम्ही विचारत नाही.) एजंटही त्यांनी तसाच पाहिला. ओट्यावर बसवायचं, पोहे द्यायचे, गाव कोणतं, मामा कुठले.

पुण्याहून निकिता नावाची मुलगी आली. तिने पोहे बाजूला सारून आधी गोधडीची लांबी-रुंदी मोजली. विमा, बंदरातले दिवस, कोणत्या देशाला कोणता दाखला लागतो, सगळं कागदावर लिहून दिलं. भाऊजी म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पन पाहुण्यात कुनी न्हाई. उद्या माल बुडाला तर कुनाच्या दारात जायचं?" मग आला तुझा भाचा वाल्मिक. आजवर त्याने वाशीला कांद्याचे ट्रक पाठवलेले, समुद्र लांबून बघितलेला. पण त्याचे मामा आमच्या धाकट्या जावेच्या माहेरचे निघाले आणि तिथेच सुपारी फुटली.

प्रमिला, त्याने सुताराकडून बाभळीच्या चोवीस पेट्या करून घेतल्या. सुरेख. प्रत्येकीवर रंगात 'शुभ लाभ'. फक्त परदेशात जाणारं लाकूड कीड मरावी म्हणून तापवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, तो शिक्का एकीवरही नाही. बारा दिवस माल न्हावा शेवा बंदराच्या गोदामात अडकून पडलाय. फोन केला की वाल्मिक म्हणतो, "मावशी, टेन्शन घेऊ नका, लई वळख हाय आपली. काकांची शुगर काय म्हनते?" मी पेट्यांचं विचारते, तो मेथीदाणे भिजवून द्यायला सांगतो. परका असता तर मी चार शब्द सुनावले असते, तेही लेखी, कॉपी ठेवून. सोयऱ्याला कसं सुनावायचं? भाऊजी आता म्हणतात, "सोयरीक अशी मोडत नसती, वहिनी." आणि भीमाबाई रोज येऊन विचारतात, "ताई, माज्या गोधड्या बोटीत बसल्या का?" मी सांगते, बसतायत. शाळेत खोटं बोललं की हातावर पट्टी तरी बसायची. आता कुणी मारतही नाही.

तुझी,
सविता

ता. क. – परवाच मी निकिताला काम देऊन टाकलं. ती माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत पुन्हा बांधून घेतेय, चौदा तारखेचं जहाज मिळेल म्हणते. पण आमची मूळ कागदपत्रं वाल्मिकच्या ऑफिसात, म्हणजे तुझ्याच पुढच्या खोलीत, निळ्या फायलीत आहेत. आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही.

ता. क. २ – भाऊजींना उगीच बोल लावला. शेवटची सही माझीच होती. वाल्मिक पोहे खाता खाता मान मागे टाकून अगदी तुझ्यासारखा हसला, आणि मी परवाना विचारायचाच विसरले.

ता. क. ३ – निळी फाईल निकिताचा माणूस मंगळवारी न्यायला येईल, त्याच्या हातात दे. रिकाम्या पेट्या परत आल्या की एक तुला, गव्हासाठी. दोन भीमाबाईंना, कोंबड्या अंड्यांवर बसवायला. उरलेल्या सगळ्या भाऊजींच्या ओट्यावर, जाता-येता दिसतील अशा. आणि सोबतचा, निकिताने तेव्हा ओट्यावर दाखल्यांचं लिहून दिलेला कागद वाल्मिकला. पण जेवण झाल्यावर दे.